आधी परस दाखवा

आमचे घरमालक कुणाच्याही घरी गेले की पुढच्या खोलीत बसत नसत. यजमान सतरंजी झटकतोय, त्याची बायको पाण्याचा तांब्या भरतेय, आणि हे महाशय चपला हातात घेऊन घरातून आरपार मागच्या दारी पोचलेले असायचे. तिथं उकिडवं बसून चिमटीत माती चोळायची, भांडी घासायची जागा बघायची, मोरीचं पाणी कुठवर जातं ते बघायचं, आणि भिंतीकडं तोंड करून विचारायचं, "शेरडं किती हैत घरात?" यजमान बिचारा सतरंजीचं टोक धरून तसाच उभा. पोरगी द्यायची असली तरी माणूस इतकं खोदून बघत नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर मोगऱ्याचं एक रोप द्यायचं म्हणून!

"आधी परस दाखवा," हे त्यांचं वाक्य गावात सगळ्यांना पाठ होतं. टपरीवर कुणी उधार चहा मागितला तरी टपरीवाला म्हणायचा, "देतो की, आधी परस दाखव." आमच्या या घरमालक काकांच्या कानावर ते जायचं. त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलायची नाही.

मी येरमाळ्याजवळच्या दवाखान्यात नर्स म्हणून आले तेव्हा त्यांच्या घरातली अंगणाकडची खोली मला भाड्यानं मिळाली. काका म्हणजे आयुष्यभर एस.टी. चालवून रिटायर झालेले ड्रायव्हर. मी खोली बघायला गेले, तर भाडं, डिपॉझिट काही न बोलता त्यांनी पहिला प्रश्न केला, "शिस्टर, अंघोळीला साबण कंचा लावता?"

मला आधीच उन्हातून चालून आल्याचा राग. मी म्हटलं, "काका, खोली देताय का लग्न ठरवताय?"

"तसं न्हाय ओ. मोरीचं पाणी रोपास्नी जातंय. लई फेसाचा साबण मोगऱ्याला चालत न्हाय."

"मग मोगऱ्याला पाठवा माझ्या ड्युटीवर, मी बसते अंगणात."

काकू आतून फस्सकन हसल्या. खोली मिळाली. पुढं आमचं चांगलं जमलं, पण भांडून जमलं. रोज एक तरी चकमक झाल्याशिवाय दोघांनाही जेवण जात नसे.

रोपांची भानगड अशी. चैत्री पौर्णिमेला येडाई देवीची जत्रा भरते. त्या गर्दीत बांगड्या, पाळणे, भेळ यांच्या जोडीला रोपवालेही टेम्पो भरभरून येतात. मोगरा, जास्वंद, अनंत, रातराणी, सोनचाफा, कढीपत्ता. लांबच्या नर्सऱ्यांतला माल, काळ्या पिशव्यांत कोंबलेला. जत्रा उठली की न खपलेला, मोडका, पिवळा पडलेला माल परत कोण नेणार? आणि काकांचं अर्धं आयुष्य हायवेवर गेलेलं, सगळे गाडीवाले ओळखीचे. ते घराशी टेम्पो उभा करायचे आणि अंगणात रोपं उतरवून निघून जायचे.

आता चैत्रात रोपं आली म्हणजे पुढं काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. वैशाखात आपल्याकडं शहाणा माणूस स्वतःचं डोकं सांभाळतो. जमिनीला भेगा, विहिरीला तळ, नळाला वारा. त्या दिवसांत रोप जमिनीत लावणं म्हणजे त्याला चुलीत घालणं. मिरगाचा पाऊस होऊन माती नरम होईपर्यंत ही सगळी वरात डब्यांत, फुटक्या घागरींत, तेलाच्या पिंपांत जगवायची आणि मग ज्याच्या परसात जागा असेल त्याला द्यायची, हा काकांचा उन्हाळ्याचा धंदा. धंदा म्हणायचा आपला. कुणी काही देऊ केलं तर ते चिडायचे.

रोप आलं की पहिले काही दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही. कडुनिंबाखाली सावलीत ठेवायचं, आजूबाजूची जमीन ओली करायची, पानांवर नुसता शिडकावा. मी एकदा दया येऊन एका जास्वंदीला तांब्याभर पाणी ओतलं, तर केवढा गहजब!

"आवं शिस्टर, रातभर यस्टीत बसून आलेल्या माणसाला उतरल्या उतरल्या पुरणपोळी चारता का? गाडी लागलीय त्याला. जरा बसू द्या, वारा खाऊ द्या."

"काका, ते झाड आहे. त्याला गाडी लागत नाही."

"तुमी किती गाड्या चालवल्या?"



मग काळी माती पाण्यात कालवून ठेवायची आणि वरची निवळ थोडी थोडी पिशवीत सोडायची. तांबड्या मातीतून आलेल्या रोपाला आमच्या काळ्या मातीची चव कळावी म्हणून. कळत असेल नसेल, देव जाणे. पण पिशवीतला तो विटेसारखा घट्ट गोळा त्यानं सैल पडायचा, एवढं मी डोळ्यांनी बघितलंय. शेवटी रोपाच्या शेंड्याशी लाल दोऱ्याची एक सैल गाठ. "गाठीखालची पानं त्यानं येताना आणल्याली. गाठीवर फुटतील ती आपल्या हितली." गाठीवर चांगली पालवी आल्याशिवाय रोप घराबाहेर जायचं नाही, मग मागणारा कुणीही असो.

दिवसभर सावली सरकायची तशी रोपं सरकवायची. सकाळी निंबाखाली, दुपारी भिंतीच्या कडेला, उन्हं कलली की माझ्या दारात. मी दवाखान्यातून दमून यावं तर दाराला मोगरा आडवा. काकू एकेक डबा ढकलायच्या आणि काका उभं राहून सांगायचे, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडनं... बास!" आणि डब्यावर हातानं दोनदा थाप मारायचे, कंडक्टर बसच्या पत्र्यावर मारतो तशी. काकू वैतागायच्या. "सगळं आयुष्य ह्यांचं डेपोत गेलं, आता माझ्या अंगणाचा डेपो केला."

सगळंच त्यांना जमायचं असं नाही हं. गुलाब तर त्यांच्या हाताला कधी लागलाच नाही. उन्हाची भीती एवढी की ते गुलाबांवर ओली पोती टाकून ठेवायचे आणि पोत्यांखाली गुलाब कुजून जायचे. मी कितीदा सांगायची, काका, त्यांना ऊन लागतं. "गुलाबाची जातच घमेंडी," एवढं बोलून ते विषय संपवायचे. चूक कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ड्रायव्हर म्हणे रस्ता चुकत नसतो, रस्ताच वळतो.

आणि रोप द्यायची वेळ आली की ती घरं बघायची फेरी. गावातल्या एका बड्या माणसानं नवा बंगला बांधला होता. त्याला सोनचाफा पाहिजे होता आणि काकांकडं त्या वर्षी एकच होता. रोप कडेवर घेऊन काका गेले. सोफा, फॅन, काजू असा थाट. काका चपला घेऊन थेट मागं. मागं सगळीकडं फरशी. काकांनी फरशीवर टाच आपटून पाहिली, रोप उचललं आणि निघाले. मालक म्हणाला, "अहो, पुढं मोठी कुंडी ठेवतो की."

"कुंडीत त्याला म्या ठेवलंच होतं," काका म्हणाले. "कुंडीतून कुंडीतच जायचं तर आमच्याकडं काय वाईट हाय त्याचं?"

तोच सोनचाफा त्यांनी हायवेवर भज्यांचं हॉटेल चालवणाऱ्या एका बाईला दिला. तिच्या घराचं पुढचं तोंड म्हणजे पत्रे आणि धूर. पण मागं दगडाशी भांडी घासायची जागा, तिथली माती सदा ओली, आणि कोपऱ्यात पुदिना माजलेला. काका तिथं पुष्कळ वेळ बसले. "हितं कुणीतरी रोज येतंय," एवढंच म्हणाले. आज तो चाफा हॉटेलच्या पत्र्याच्या वर गेलाय. परवाच त्या रस्त्यानं गेले तर ड्रायव्हर लोक त्याच्याच सावलीत भजी खात होते. बंगलेवाल्यानं मात्र काकांशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

हे सगळं गमतीचं. मीही माहेरी गेले की मिटक्या मारत सांगायची. पण दुसऱ्या वर्षीच्या जत्रेला त्यांची लेक माहेरी आली आणि मला त्याचं हसू येईनासं झालं.

एकुलती एक लेक. दिली होती लोहाऱ्याच्या पलीकडं, काकांच्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या घरात. बहिणीचा मुलगाच जावई. आमच्याकडं ही रीतच आहे. भावाची लेक बहिणीची सून झाली की सगळे म्हणतात, घरातली पोर घरातच राहिली. त्यातून ही बहीण म्हणजे काकांची आईच. आई लहानपणी गेली, तेव्हा या अक्कानं, स्वतः परकरातली असताना, भावाला कडेवर घेऊन वाढवलं. काका कुठल्याही पदार्थाची चव सांगताना शेवटी म्हणायचे, "पर अक्काच्या हातची सर न्हाय."

लेक जत्रेला आली आणि जत्रा उठली तरी गेली नाही. काही बोलायची नाही. सकाळी उठून रोपांना पाणी घालायची, डबे सरकवायची, काकांना थाप मारायचंही काम ठेवायची नाही. गाठींचे दोरे तीच बांधायची. हाताला गुण होता तिच्या. पोती काढून गुलाब तिनंच पहिल्यांदा सकाळच्या उन्हात नेऊन ठेवले, आणि काका चक्क गप्प बसले.

मी तिला दवाखान्याच्या नजरेनं बघत होते. पापणी खाली ओढून पाहिली तर आत पांढरीफटक. रक्तवाढीच्या गोळ्या सुरू केल्या. पण खरी गोष्ट मला कळली ती एका दुपारी, मी ताक मागायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा. ती जेवत होती. कोपऱ्यात, दाराकडं पाठ करून, उभ्यानं. ताट नाही. भाकरी मुठीत, मुठीवर पदर, आणि घास न चावता गिळत होती. माझी चाहूल लागली तशी तिनं हात पदराआड लपवला. आईच्या घरात! टोपल्यात भाकऱ्यांची चळत असताना!

मी ताक न घेताच परत आले. खोलीत बसून मला रडू आलं, आणि नंतर असा संताप आला की समोर कुणी असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

मी काकूंना सांगितलं, त्यांनी तिच्याकडून हळूहळू सगळं काढून घेतलं. मारहाण नव्हती. शिव्याही नव्हत्या. जावई पुण्याला कंपनीत, सणावाराला येणार. घरात धान्याच्या कोठ्या भरलेल्या. शेतातून आली की सगळ्यांना वाढायचं, सगळ्यांचं झालं की उरेल ते. आणि उरेल याची काळजी कुणी घ्यायची नाही. मागितलं तर अक्का म्हणायची, "आमी बी असंच दिवस काढलं." एवढंच. कुणाला सांगायला जावं तर सांगण्यासारखं काही नाही, असं ते दुःख.

काकूंनी हे काकांना सांगितलं तेव्हा मी अंगणातच होते. काका म्हणाले, "कायतरीच. अक्काच्या घरात माझी पोर उपाशी? म्या दर भाऊबीजेला जेवतो तिथं. आग्रह करकरून वाढती ती."

काकू कधी आवाज चढवायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांचा आवाज रस्त्यावर गेला. "तुमाला वाढती! भाऊ हाव तुमी! ओसरीवर पाटावर बसून पुरणपोळ्या हाणल्या तुमी. कण्हेरीच्या काडीसाठी लोकाच्या परसात शिरता. पोटची पोर दिली त्या घराच्या चुलीपाशी एकदा तरी डोकावला का?"

 काकांनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि निंबाच्या पारावर जाऊन बसले. त्या संध्याकाळी रोपं काकूंनी आणि मी सरकवली. आता तुम्ही म्हणाल, बघा, पोरही रोपासारखीच. मी तसलं काही म्हणणार नाही. रोप वाळतं तेव्हा दिसतं तरी. ही पोर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाळली आणि कुणाला दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं काका गेले, कुणाला न सांगता. परत आले ते दिवस मावळताना. लेक आत होती. मी मोगऱ्याला पाणी घालत होते. काका शेजारी येऊन उकिडवे बसले.

"माघारल्या दारानं गेलो, शिस्टर. अक्का भाकरी थापायली होती. मला बघून तिचा हातच थांबला. म्हणली, 'आरं, पुढून का आला न्हाईस?' म्या म्हणलं, 'अक्का, माझी पोर जेवायला कुठं बसायची?' तर म्हणली, 'सगळ्यांचं झाल्यावर बसायची की.' म्या म्हणलं, 'कवा ते न्हाय इचारलं. कुठं बसायची ते दाखव.'"

 त्यांनी माती चिमटीत घेतली आणि तशीच टाकून दिली.

"तिला दाखवता येईना ओ. हिकडं बघती, तिकडं बघती. थोरल्या सुनंला इचारलं, तिला बी येईना. गाईच्या दाव्याची जागा ठरल्याली हाय त्या घरात. कुत्र्याच्या थाळीची हाय. माझ्या पोरीची न्हाय."

मी म्हटलं, "मग झालं तर. पाठवू नका."

"तुमाला सोपं हाय." त्यांनी मातीचा हात झटकला. "अक्का पोरीला न्यायला येणार हाय. पेरणी तोंडावर हाय, माणूस लागतंय त्यास्नी. न्हाय म्हणलं तर अक्का तुटली. शिस्टर, आई दोनदा मरावी का माणसाची?"

मी तांब्यातलं उरलेलं पाणी मोगऱ्याच्या बुडाशी ओतलं. 

अक्का आल्या त्या जीप करून. बरोबर जावई आणि भावकीतले एक म्हातारे, चार शब्द सांगायला. मला काकांनी मुद्दाम बोलावून बसवलं. अक्का ठेंगण्या, टापटीप, हातांत पाटल्या. आल्या आल्या त्यांनी काकांच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "वाळलास रं." खोटं नव्हतं ते. त्याच मायेनं बोलल्या, आणि म्हणूनच माझ्या अंगावर काटा आला.

म्हाताऱ्यांनी सुरुवात केली. पोरगी सासरीच शोभती. भाऊ-बहिणीत असलं काही बरं दिसत नाही. आभाळ आलंय, उद्या-परवा पेरणीजोगा वाफसा होईल, घरात माणूस पाहिजे. जावई फोन उलटा-सुलटा करत होता. लेक आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिची पिशवी भरलेली होती, ती तिनं स्वतःच भरली होती. बाप काय म्हणेल त्याप्रमाणं जायचं, एवढंच तिला ठाऊक.

काका म्हणाले, "आधी जेवणं होऊ द्या."

काकूंनी ताटं मांडायला घेतली. काकांनी त्यातलं एक उचललं, बैठकीच्या मधोमध ठेवलं, स्वतः पाट टाकला, आणि लेकीला हाक मारली, "ये बाळा. बस."

सगळे चपापले. म्हातारे म्हणाले, "आवं डायव्हर, माणसं बसल्याबिगर..."

"रीत मला म्हाईत हाय. आज ती आधी बसंल. तिचं झालं की आपुन बसू."

ती येईना. काकूंनी तिला हाताला धरून आणलं. ती बसली. डोळे ताटात. पहिला घास तिनं तसाच गिळला, दुसरा हात ताटाभोवती कुंपणासारखा धरून. एवढी माणसं बघतायत आणि तिला ते कळतही नव्हतं, इतकी ती सवय अंगात मुरलेली. जावयानं फोन खाली ठेवला. तो पहिल्यांदाच आपल्या बायकोला जेवताना बघत होता.

"सावकाश, बाळा," काका म्हणाले. "कुणाला गाडी धरायची न्हाय."

अक्का भिंतीकडं बघत होत्या. मग एकदम कडाडल्या, "त्या दिवशी माझ्या घरात तमाशा केलास, आता हितं मांडलास व्हय? म्या काय हिला घास मोजून दिले?"

"न्हाय अक्का." काका रडत होते. पुसायचंही भान नव्हतं त्यांना. "तू मोजून दिलं न्हाईस. तू बघितलंच न्हाईस. मला एक घास कमी गेला तर तुला झोप लागत नव्हती. माझ्याच पोरीला तू का गं बघितलं न्हाईस?"

 अक्कांनी पदर सावरला. "चल रे," त्या मुलाला म्हणाल्या, आणि दारात वळून काकांना म्हणाल्या, "आजपासनं मला भाऊ न्हाय."

जावई उठला. बायकोकडं बघत थोडा थांबला. मग फोन उचलून बाहेर गेला. म्हातारे त्याच्या मागून गेले. जीप सुरू झाली, वळली, आणि तिचा आवाज हायवेकडं गेला. काका दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तसेच बसले होते. त्यांच्याकडं मला बघवेना.

लेकीनं ताटातली भाकरी संपवली. आता हात ताटाभोवती नव्हता. तिनं मान वर केली, एकदा बापाकडं बघितलं, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, मला अजून भाकरी वाढ."

काकू उठायच्या आत काका उठले. स्वयंपाकघरात गेले आणि भाकऱ्यांचं अख्खं टोपलं उचलून तिच्यापुढं आणून ठेवलं.